पावसाची जागा

"पाव्हणं, भ्यालाय न्हवं?"

रोज सकाळी करवतीचं इंजिन सुरू करायच्या आधी मिस्त्री मला हे विचारायचे. विचारता विचारता टेबलातल्या खोबणीवर वाकायचे, गाल फुगवून कालचा भुसा फुंकायचे आणि तिच्यातून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बोट फिरवायचे. मी "भ्यालोय" म्हटलं की म्हणायचे, "मग हरकत न्हाई. व्हऊ द्या सुरू." एकदा उगीच ऐटीत "आज नाही भ्यालो" म्हणालो, तर त्यांनी मला करवतीजवळ फिरकू दिलं नाही. दिवसभर भुशाची पोती भरायला लावली.

ऐट करावी असं माझ्यापाशी खरं तर काही नव्हतं. चौथीत शाळा सुटलेली. गाव तिकडे खानदेशात, तापीकाठी. एका ठेकेदाराच्या टोळीबरोबर रस्त्याच्या कामाला इकडे आलो. काम संपलं, टोळी गेली, आणि मी हिवतापाने आडवा पडलो म्हणून भोरातच राहिलो. अंगात उभं राहण्याचं बळ आलं तेव्हा मिस्त्रींनी मला नदीकाठच्या वखारीत कामाला लावून घेतलं. ओळख ना पाळख. "पाव्हणा हाय, उपाशी कसा ऱ्हाईल," एवढंच ते वखारीच्या शेटना म्हणाले होते. पुढे कितीही वर्षं झाली तरी मी त्यांचा पाव्हणाच.

वेल्ह्याच्या डोंगरातून सागाचे, ऐनाचे ओंडके वखारीत यायचे. टेबलाच्या पोटातून गोल करवत वर आलेली असायची. इंजिनाचा पट्टा फिरू लागला की तिचे दात दिसेनासे व्हायचे. नुसती एक धुरकट चकती, आणि कानात भरणारा आवाज. दिसणाऱ्या दातांचं मला काही वाटत नसे, भीती होती ती या न दिसणाऱ्या दातांची. माझं भांडवल म्हणजे हे दोन हात. ते गेले तर गावी कुठल्या तोंडानं जायचं, हा विचार जेवतानासुद्धा सुटायचा नाही.

करवतीवरची माणसं तुम्हीही पाहिली असतील. तुटकी बोटं ती अशी पुढे करतात, जणू बक्षिसात मिळाली आहेत. आमच्या मिस्त्रींची सगळी बोटं शाबूत. त्याचं कौतुक व्हायचं सोडून बाजारात थट्टाच व्हायची. चहाच्या दुकानात कुणीतरी म्हणायचंच, "मिस्त्री, करवत लांबूनच बघितली वाटतं?" मिस्त्री चहावर फुंकर घालत म्हणायचे, "व्हय, लांबूनच. म्हनून तर बशी दोन्ही हातांनी धरलीया."

हसत सांगायचे, पण ते त्यांना लागायचं. हे मला फार उशिरा कळलं.

त्यांचं घर उत्रोलीला. थंडीत एकदा त्यांनी मला जेवायला नेलं. नव्या तांदळाचा गरम भात, कुळथाचं पिठलं. पण चिमणीची ज्योत सारखी आडवी होत होती, कारण त्यांच्या दाराला चारी बाजूंनी बोटबोट फट. मावशी, म्हणजे त्यांची बायको, फटीत चिंध्या कोंबत मला म्हणाली, "बघ रं बाबा. सुताराचं घर हे. गोधडी दाराला लागती, मानसाला उरत न्हाई."

"श्रावनात बोल," मिस्त्री भात कालवत म्हणाले. "समद्या गावाची दारं फुगत्यात. खांदा लावल्याबिगर उघडत न्हाईत. आपलं उघडतं का न्हाई? लाकडाला पावसाची जागा ठेवावी लागती."

मावशी म्हणाली, "आन् आमी थंडीत मरायचं."

त्या वर्षी गावोगावी नव्या शाळा निघत होत्या आणि शेटना बाकांचं मोठं काम मिळालं. बाकाच्या मागच्या पायांना तिरका काप लागतो. जुन्या टेबलावर लाकूड हातानेच तिरकं धरून करवतीत ढकलावं लागे. दोनदा तुकडा उसळून माझ्या कानाजवळून गेला. मी रात्री दचकून उठायला लागलो. मिस्त्रींनी ते पाहिलं असावं. ते शेटना म्हणाले, नवीन टेबल करतो, त्याशिवाय बाकं होणार नाहीत.

नव्या टेबलात लाकूड घेऊन सरकणारी एक गाडी बसवायची होती. आता ही गाडी कुठल्या खोबणीतून पळवायची, यावर मिस्त्री किती दिवस अडले म्हणून सांगू! साधी सरळ खोबण करावी, की तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद करावी, म्हणजे गाडी वर उचलली जाणार नाही? शेट म्हणाले, एवढा विचार पोरीचं स्थळ बघतानासुद्धा कुणी करत नाही. मिस्त्री म्हणाले, "स्थळ चुकलं तर पोरगी म्हायेरी येती. बोट येत न्हाई."

मग त्यांनी सागाच्या तुकड्यांत दोन्ही तऱ्हेच्या खोबणी कोरल्या आणि दोरीने बांधून नीरेच्या पाण्यात सोडल्या. धुणं धुणाऱ्या बाया विचारायच्या, मिस्त्री, मासं घावलं का? मिस्त्री मान खाली घालून तुकडे वर काढत, गाडीच्या तळाला लावायची पट्टी त्यात सरकवून बघत आणि पुन्हा पाण्यात सोडत. पोटात रुंद असलेल्या खोबणीचे ओठ पाण्याने फुगून मिटले. पट्टी आत गेली ती बाहेर येईना. साधीत मात्र ती जेमतेम का होईना, सरकत राहिली.

तेव्हा ठरलं. पळायला साधी खोबण, तीही सैल, पावसाची जागा ठेवून. आणि पोटात रुंद असलेली ती दुसरी खोबण गाडीवर, लाकूड जखडून धरायला. तिचे ओठ मात्र लोखंडाचे. त्यासाठी कापूरहोळच्या लोहाराकडून बैलगाडीच्या चाकावरची जुनी लोखंडी धाव सरळ करून आणली. तिच्या दोन पट्ट्या रुंद खोबणीच्या तोंडावर ठोकल्या आणि मध्ये फट ठेवली. बोल्टाचं डोकं त्या पट्ट्यांखाली अडकायचं, वरून चावी आवळली की लाकूड गाडीला घट्ट. "आता लाकूड गाडी धरील," मिस्त्री म्हणाले. "तुमी निस्ती गाडी ढकला. हात मागं."

पहिल्या दिवशी माझे डोळे भरून आले. कुणी माझ्या हातांची इतकी काळजी घेतली नव्हती.

पण ऐन वैशाखात लाकूड वाळून खडंग, त्यात खोबण सैल. गाडी खडखड वाजायची, डुलायची, काप अर्ध्या सुताने चुकायचा. शाळेकडून बाकं बघायला आलेले गृहस्थ म्हणाले, बाक डुगडुगतो. शेट हसले, "आमच्या मिस्त्रींनी खोबण नाही केली, बैलगाडीची चाकोरी केलीय." चहाच्या दुकानात तेच. नदीच्या घाटावर तेच. आठवडाभर मिस्त्री ऐकत राहिले. एका सकाळी त्यांनी खोबणीच्या कडेला सागाची पातळ पट्टी बसवली. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी पळू लागली. मला म्हणाले, "पावसाच्या आदी काढीन." त्या दिवशी ते मला "भ्यालाय न्हवं" विचारायला विसरले.

आषाढात लावणी आली. लावणीला भोरकडचा माणूस घरी थांबतच नाही, मग तो सुतार असो की शिंपी. मिस्त्रीही उत्रोलीला गेले. पट्टी काढायची राहिली.

पावसाच्या एका दिवशी सकाळपासून गाडी जड लागत होती. इंजिनावरचा माणूस म्हणाला, रेट जरा. मी रेटली. करवत लाकडात निम्मी गेली आणि गाडी थांबली. पुढे नाही, मागे नाही. लाकूड किंचाळायला लागलं, भुशाऐवजी धूर येऊ लागला, सगळं टेबल थरथरत होतं. माझे हात गाडीच्या मुठीला चिकटून बसले. सोडावेत हे कळत होतं, सुटत नव्हते. जुनं टेबल असतं तर लाकूड उसळलं असतं आणि त्यामागोमाग माझे हात दातांत गेले असते. इथे त्या धावेच्या पट्ट्यांनी लाकूड सोडलं नाही. ते जागच्या जागी जळत राहिलं. तेवढ्यात कुणीतरी पट्टा उतरवला.

करवत थांबत होती तोच मिस्त्री दारात आले. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर इरलंही नाही. खाचरात रोप लावता लावता त्यांना ती पट्टी आठवली होती, आणि ते उत्रोलीहून पळत आले होते. टेबलाकडे त्यांनी बघितलंही नाही. माझे हात धरले आणि एकेक बोट दाबून पाहिलं. माझी बोटं त्यांच्या चिखलाने माखली. मग ते तिथेच भुशात बसले. मीच त्यांना पाणी पाजलं.

शेट म्हणाले, असू द्या मिस्त्री, कुणाला काही झालं नाही ना.

मिस्त्री माझ्याकडे बघत म्हणाले, "म्या लोकांच्या हसन्याला भ्यालो, पाव्हणं. करवतीला भ्याया पायजे व्हतं."

पट्टी त्यांनी स्वतः छिन्नीने काढली. त्यानंतर कितीही कोरडा उन्हाळा असो, आमची गाडी खडखडतच राहिली. कुणी हसलं की मिस्त्री म्हणायचे, "वाजू द्या."

पुढच्या एका पावसाळ्याआधी मी बहिणीच्या लग्नाला खानदेशात गेलो आणि तिथे अडकलो. परत आलो तो श्रावणात. कापूरहोळला एसटी बदलताना त्या लोहारानेच सांगितलं, मिस्त्री गेले. छातीत कळ आली, फार त्रास झाला नाही.

मी वखारीत न जाता तसाच उत्रोलीला गेलो. झड लागली होती. गल्लीत एक बाई आपल्या दाराला खांद्याने धक्के देत उभी होती, दार काही हलत नव्हतं. मिस्त्रींच्या दारापुढे मी कितीतरी वेळ भिजत थांबलो. आत जायची मला भीती वाटत होती, करवतीची वाटली नाही इतकी. आतून मावशीचा आवाज आला, "कोन हाय? ढकल की. फुगत न्हाई ते."

मी बोटं टेकवली. दार आवाज न करता उघडलं.