जिताड्याची कमी होणारी पिल्लं

मुलांनो, समुद्रातल्या मत्स्यशेतीचा फोटो पाठवून तुम्ही विचारलंत, आजी, तू असं काही पाहिलंयस का? पाहिलंय. तुमचे आजोबा ती गोष्ट हसत सांगायचे आणि माझी चूक गाळायचे. आता ते नाहीत, म्हणून मीच नीट लिहून ठेवते.

ऐंशीच्या दशकात आम्ही बोरिवलीला राहायचो. आजोबांनी गोराईत खाडीकाठी सिमेंटच्या दोन टाक्या भाड्याने घेतल्या आणि प्रत्येकीत जिताडा या खाडीतल्या माशाची दोनशे बोटभर पिल्लं सोडली. पाणी बदलायला आणि खाणं घालायला गावातली एक कोळीण ठेवली. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. शनिवारी होडीने पलीकडे जाऊन मी पिल्लं मोजायचे, काहींची लांबी पट्टीवर घ्यायचे. एका टाकीला दिवसातून एकदा खाणं, दुसरीला दोनदा, अशी माझी तुलना चालली होती.

दिवसातून एकदाच खाणं मिळणाऱ्या टाकीतल्या पिल्लांची सरासरी लांबी भराभर वाढली. मी खूश झाले. पण दर शनिवारी तिथे पिल्लं कमी भरत. मेलेलं एकही सापडेना. आसपास आणखी काही जण जिताडा वाढवत होते, त्यांना पिल्लं विकत हवीच असायची. कोळणीने एकदा विचारलं होतं, मोठी पिल्लं पिंपात वेगळी काढू का? तुलना बिघडेल म्हणून मी नको म्हटलं होतं. आता वाटू लागलं, वेगळी काढून ती नेणार कुठे होती? मी तिच्या येण्याजाण्याच्या वेळा टिपू लागले. शेजाऱ्यांकडे तिची चौकशी केली.

शेवटी एका शनिवारी, ती धक्क्यावरून घरी निघालेली असताना, होडीची वाट पाहणाऱ्या बायकांसमोर मी तिला डोक्यावरची पाटी उतरवून दाखवायला सांगितलं.

"दाखव गं," एक जण म्हणाली, "बाईंचं कालवण अडलंय."

सगळ्या हसल्या. पाटीत कांदे होते आणि साबणाची वडी.

ती मागे वळली. मला परत टाकीपाशी घेऊन गेली आणि हातजाळ्याने सगळ्यात मोठं पिल्लू वर काढलं. त्याच्या तोंडातून दुसऱ्याची शेपटी बाहेर आली होती.

"चोर टाकीतच हाय, बाई. उपाशी ठेवलं का मोठं बारक्याला गिळतं. म्हणून येगळी काढू का विचारलं होतं."

बारकी पोटात जात होती, म्हणून उरलेल्यांची सरासरी वाढत होती. विज्ञानाच्या बाईला हे दिसलं नव्हतं. आम्ही दोघींनी तिथेच मोठी एका टाकीत आणि लहान दुसरीत केली. काम आटोपल्यावर मी तिची माफी मागितली.

"इचारलंत धक्क्यावर," ती म्हणाली, "माफी इथं कशाला?"

मी धक्क्याकडे धावले. त्या बायकांची होडी केव्हाच सुटली होती. दुसऱ्या दिवसापासून कोळीण कामावर आली नाही. आजोबा दोनदा बोलावून आले, तरी नाही.

पिल्लं मग कमी झाली नाहीत. वर्षभराने आम्ही टाक्या सोडल्या. ती अजून गोराईतच राहते. मी दिसले तर मान हलवते, थांबत नाही. तेवढी ओळख उरली आहे.