हसनभाईंनी आणलेला बोलर

हसनभाई गेल्याचं मला इथे बहारीनमध्ये, हूऱ्यातल्या किराणा दुकानात कळलं. दुकानदार दापोलीकडचाच, गावाहून फोन त्याच्याकडे आला होता. तांदूळ पिशवीत भरता भरता तो म्हणाला, "वैनी, आपले हसनभाई गेले. झोपेतच गेले म्हणे." मी म्हटलं, "कोण हसनभाई?" कळलं होतं हो मला, न कळायला काय झालं... पण तोंडातून तेच निघालं. तांदूळ तिथेच राहिले. घरी आले तर आमचे हे पेपर वाचत बसले होते. सांगितल्यावर पेपराची घडी घातली आणि म्हणाले, "सदाला कळलं असेल का गं?"

या प्रश्नाचा अर्थ कळायला आधी हसनभाई माहीत पाहिजेत. एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होते. राहायला मनामाच्या नईम भागात, कोकणातल्या आणखी चारपाच जणांबरोबर एका खोलीत. बायकोमुलं गावी. आमची ओळख झाली ती क्रिकेटमुळे. सत्तरच्या दशकात आम्ही बहारीनला आलो, तेव्हा कोकणवाल्यांची एक टीम दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी खेळायची. रेताड मोकळी जागा, पाणी मारून धोपटलेली पट्टी आणि तिच्यावर खिळे ठोकून ताणलेलं काथ्याचं मॅटिंग, हे आमचं स्टेडियम. आमचे हे विकेटकीपर. मी चहाचा थर्मास आणि पोह्यांचा डबा घेऊन गाडीच्या सावलीत बसायची. आणि हसनभाई? ते टीमचे कोणीच नव्हते. जन्मात कधी खेळले नाहीत, बॅट धरली तर अंगण झाडायला निघाल्यासारखे दिसायचे. पण या टीमवर माणसाचा जीव किती असावा! हरलो की जेवायचे नाहीत. जिंकलो की सगळ्यांना जेवायला घालायचे. आणि टाळ्या तर अशा वाजवायचे की समोरचा बोलर धावता धावता थांबून बघायचा.

त्यांचा सगळा ओढा तरुण पोरांकडे. नवीन कोणी पोरगा गावाहून आला की पहिल्याच शुक्रवारी हसनभाई त्याला मैदानावर हजर करणार. "वैनी, याचं मनगट बघा. इंशाल्ला, दोन वर्षांत बहारीनच्या टीममधून खेळेल." तो बिचारा प्लंबर असायचा, गावी विटीदांडूच्या पुढे गेलेला नसायचा. मी म्हणायची, "हसनभाई, तुमचे दोन वर्षांतले किती झाले आतापर्यंत?" ते रागवायचे. "तुम्ही पोहे करा वैनी, क्रिकेट माझ्यावर सोडा." पुढच्या शुक्रवारी नवीन मनगट!

एकदा रजेवरून आले ते वेगळेच. चेहरा नुसता फुललेला. गावी भाचीच्या लग्नाला म्हणून गेले होते, पण अर्धी रजा कापणी झालेल्या मळ्यात रबरी चेंडूच्या मॅचेस बघण्यात घालवून आले होते. तिथे त्यांना सदा दिसला. शेजारच्या वाडीतला, विशीचा, बारकुळा पोरगा. "बॉल दिसतच नाही वैनी. नुसता आवाज येतो, मागचा दांडा पडल्याचा."

पुढे त्यांनी जे केलं, ते आमच्या कोकणातला माणूसच करू जाणे. तेव्हा कोणाच्या हाताला एखादा व्हिसा लागला, की घरात नंबर आधीच लागलेला असायचा. मेव्हणा, भाऊ, मग भाचा. हसनभाईंच्या अरबाबाचा, म्हणजे मालकाचा, त्यांच्यावर विश्वास. त्यानं एक व्हिसा देऊ केला. भाचा दोन वर्षं पासपोर्ट काढून वाट बघत बसला होता. हसनभाईंनी त्या व्हिसावर सदाला आणलं! हेल्पर म्हणून. टीमला फास्ट बोलर पाहिजे म्हणून! बहिणीनं बोलणं टाकलं. आमच्या ह्यांनी डोक्याला हात लावला. मी तर तोंडावर म्हटलं, "अक्कल गहाण टाकलीत का हसनभाई?" त्यावर शांतपणे म्हणाले, "भाच्याला पुढच्या वेळी आणतो. पण हा हात वाया गेला, तर परत मिळणार नाही."

आणि खरं सांगते, सदाला बोलिंग टाकताना पाहिलं तेव्हा मीसुद्धा गप्प झाले. मॅटिंगवर त्याचा चेंडू असा उसळायचा, की आमच्या ह्यांचे तळहात लाल व्हायचे. एका शुक्रवारी एका बँकेची टीम आली होती, पांढऱ्या कपड्यातली, ऐटबाज. सदानं त्यांना जेवणाच्या आधीच घरी पाठवलं. हसनभाई त्या दिवशी टाळ्यासुद्धा विसरले. मैदानाच्या कडेला नुसते उभे होते, डोळे पुसत.

तेवढा एकच हिवाळा. पुढच्या मोसमात सदा येईनासा झाला. त्याला कंपनीच्या बंदराजवळच्या यार्डात टाकलं होतं आणि तिथे त्याला शुक्रवारची ड्यूटी लागली. हसनभाईंनी विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "ड्यूटी आहे चाचा, काय करणार." झालं! हसनभाई थेट यार्डाच्या फोरमनकडे गेले. स्वतःसाठी या माणसानं कधी एक तास लवकर सोडा म्हणून विनंती केली नव्हती. तो फोरमन म्हणाला, "अपने लड़के से पूछो." हसनभाईंना वाटलं, हा आपली चेष्टा करतोय. हमरीतुमरीवर आले. मग अरबाबाकडे गेले, तिथेही "मफी", नाही म्हणजे नाही. स्टोअरकीपर क्रिकेटसाठी भांडतो म्हणून कंपनीत हसू झालं, ते वेगळंच.

त्यानंतर हसनभाई बदलले. मैदानावर यायचे, पण लांब बसायचे. कोणी नवीन पोरगा दाखवला तर बघायचेच नाहीत. मी पोहे घेऊन गेले की एकच विषय. "वैनी, गावाला राहिला असता तर जिल्ह्याकडून खेळला असता. कोणीतरी मोठ्यानं बघितलं असतं. मी त्याला उचलून इथे आणला आणि लोखंड वाहायला लावला." मी म्हणायची, "अहो, तो खाऊनपिऊन सुखी आहे." तर म्हणायचे, "सुखी आहे म्हणून कोणी सांगितलं तुम्हाला? बोलतो का तो?" खरंच, सदा बोलायचा नाही. ईदला हसनभाईंच्या खोलीवर जायचा, बिर्याणी खायचा, खाली बघून परत यायचा. दोघांमध्ये तो विषय कधी निघालाच नाही. पुढे हसनभाई मैदानावर यायचेच बंद झाले. भाचा नंतर आला, दुकानात लागला, पण त्याचंही सुख त्यांना झालं नाही.

बहारीनहून सौदीला जाणारा समुद्रावरचा पूल झाला त्या वर्षी ते कायमचे गावी गेले. निघायच्या आदल्या दिवशी आमच्याकडे, झिंजच्या घरी जेवायला होते. हात धुता धुता मला म्हणाले, "एक काम राहिलं वैनी. त्या पोराची माफी मागायची होती. दोनदा त्याच्या लेबर कॅम्पच्या गेटपर्यंत गेलो... काय तोंडानं आत जाऊ? तो 'असू दे चाचा' म्हणाला असता. ते मला ऐकवलं नसतं."

बातमी आल्यावर दोनचार दिवसांनी सदा आमच्याकडे आला. आता अंगानं भरलाय, गावी बायको, दोन मुलं. यार्डातली सगळ्यात मोठी क्रेन तोच चालवतो. मी चहा ठेवला आणि बोलता बोलता सांगून टाकलं, की बाबा रे, हसनभाई तुझी माफी मागायची म्हणत होते. तुझं क्रिकेट आपण मातीत घातलं, हे डोक्यात घेऊन गेले.

सदाचा चेहरा खर्रकन उतरला.

"काकी, शुक्रवारची ड्यूटी मला कोणी लावली नव्हती. मीच मागून घेतली होती."

मला कळेचना. मग तो हळूहळू बोलला. शुक्रवारी यार्ड रिकामं असायचं. क्रेनचा ऑपरेटर चांगला होता, त्याला वर बसवून शिकवायचा. "पहिल्यांदा वर चढलो ना काकी, तेव्हाच ठरवलं की आपल्याला हेच करायचंय. बोलिंग येत होती म्हणून टाकायचो. लोक म्हणायचे टाक, मी टाकायचो. क्रेन मला आवडायची."

"अरे मेल्या, मग सांगितलं का नाहीस त्यांना?" माझा आवाज चढला. चढणारच. माणूस इतकी वर्षं झुरला आणि हा वर क्रेनमध्ये मजेत!

"कसं सांगू? सख्ख्या भाच्याला मागे ठेवून मला आणलं होतं. बोलिंगसाठी. त्यांना काय सांगू, की चाचा, मला बोलिंग नको? दर ईदला ठरवून जायचो. मी आत गेलो की ते आधी माझ्या उजव्या खांद्याकडे बघायचे... मग तोंडच उघडायचं नाही."

मला त्याचा राग आला आणि हसनभाईंचाही आला. दोघांनी एकमेकांना इतकं जपलं, की एक साधी गोष्ट कोणी कोणाला सांगितली नाही. म्हटलं, "सदा, तू त्यांना ओळखलंच नाहीस रे. एक शुक्रवार रागावले असते. दुसऱ्या शुक्रवारी यार्डाच्या कुंपणाशी उभे राहून तुझ्या क्रेनला टाळ्या वाजवल्या असत्या. आणि मला येऊन सांगितलं असतं, वैनी, त्या पोराचं मनगट बघा."

बोलले आणि वाटलं, हे नको होतं बोलायला. 

"खरंच आले असते काकी?"

"आले असते," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार? खरं तेच होतं.