कमळच्या लग्नाचा मांडव

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. नारळीखाली झावळ्या पडतात, आपण उद्या उचलू म्हणतो, आणि एक दिवस पाय ठेवायला जागा उरत नाही, तसंच हे. आमच्या कचेरीतल्या टोळक्यात माझ्या मांडवाचे किस्से असेच साचले. कुणाची बदली झाली, कुणी रिटायर झालं, की निरोपाच्या चहाला हमखास निघतात. सगळे पोट धरून हसतात, मीही हसतो. पण माझे कान गरम होतात, हे आज पहिल्यांदाच सांगतोय.

*

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. आई-वडील गेलेले. नागावच्या घरात मी आणि धाकटी बहीण कमळ, दोघंच. दत्ता माझा मित्र, बांधकाम खात्यात ओव्हरसियर. एका रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि परसातल्या विहिरीच्या काठावर बसून म्हणाला, "बाळू, मी कमळला मागणी घालायला आलोय. तिची पसंती आहे."

मला आनंद झाला, अगदी खरा. मी म्हटलं, "दिली! पण लग्न आपल्या परसात, पक्क्या मांडवात."

त्याला कारण होतं. आमच्याकडे मांडव म्हणजे पोफळीचे खांब आणि वर नारळाचे विणलेले झाप. दिवाळीनंतर घालायचा, पावसाआधी काढायचा. चुलतबहिणीच्या लग्नात वळवाच्या वाऱ्यानं तो मांडव भर पंगतीवर बसला. व्याही मठ्ठ्याच्या वाटीसकट झापांखाली! गाव वर्षभर हसत होतं. तेव्हाच मी ठरवलं, कमळच्या लग्नाचा मांडव हलणारसुद्धा नाही.

दत्ता म्हणाला, "अरे, लग्न एका दिवसाचं असतं."

"मांडव जन्माचा पाहिजे!" मी म्हटलं.

आमचे अव्वल कारकून तात्या हे वाक्य अजून माझ्या आवाजात म्हणून दाखवतात.

*

"बाळू मांडव बघायला मांडव्याला गेला!" हा विनोदही तात्यांचाच. तिथे एका पारशी शेठच्या बागेत लोखंडी छत्री होती. आठ खांब, वर पत्र्याचा घुमट, खाली वेताच्या खुर्च्या. मी बघतच राहिलो. दत्तानं टेप काढून मापं घेतली, मी वहीत लिहिली.

लगेच मुंबईहून मचव्यातून जुने पाइप आणले, हिरवा रंग दिला आणि परसात उभे केले. कोळीवाड्यातली जानकी रोज परसदारी मासळी घेऊन यायची. तिनं पाटी खाली ठेवली.

"दादा, मांडव घातलाव? लगीन कोनाचा हाय?"

"माझं!" कमळ स्वयंपाकघरातून ओरडली, आणि मग तासभर बाहेर आली नाही.

जानकीनं नखानं रंग खरवडला. "दर्याचा वारा लोखंडाला खातंय, दादा. आमचे होडीचा नांगर बघ जा."

मी म्हटलं, "रंग फर्स्टक्लास आहे, जानकी!"

एका पावसाळ्यानंतर तात्या घरी आले, खांबाला टेकून चहा प्यायला लागले, आणि कपबशीसकट अळूच्या वाफ्यात गेले. पाइप आतून गंजून पापुद्रा झाला होता. तात्या चिखलात बसूनच म्हणाले, "बाळू, मांडव जन्माचा होता ना? कुणाच्या रे?"

लग्न पुढच्या वर्षावर गेलं.

*

मग सिमेंटचे खांब ठरवले. सिमेंटला तेव्हा परमिट लागे, आणि परमिटचे अर्ज माझ्याच टेबलावर येत! मी माझा अर्ज स्वतःच घेतला आणि पुढे पाठवला. कारण: बहिणीचे लग्न. लग्नाची तारीख: रकाना रिकामा.

अर्ज तात्यांकडून परत आला. शेरा होता, "तारखेशिवाय लग्न कसले?"

मी तावातावानं त्यांच्याकडे गेलो. "तात्या, मांडव झाल्याशिवाय तारीख कशी काढू?"

"आणि तारखेशिवाय सिमेंट कसं देऊ? बाळू, आता तू स्वतःच फाइल झालास!"

सगळं ऑफिस हसलं. दत्ता तेव्हा दारातच उभा होता. तो हसला नाही. खिशातून काढलेली चिठ्ठी त्यानं परत खिशात घातली. तिच्यावर भटजींनी काढून दिलेल्या तीन तारखा होत्या, हे मला कमळनं फार नंतर सांगितलं.

*

तिसऱ्या वर्षी सागवान घेतलं. धोंडू सुतार म्हणाला, "सागाला खारा वारा काय करत न्हाय, पन लाकूड वाळाया पायजे. एक पावसाळा जाऊ द्या." मी लगेच कबूल झालो.

एके दिवशी घरी आलो तर परसात विणलेल्या झापांची ही एवढी थप्पी! कमळ आणि जानकीनं आठवडाभर बसून विणले होते. कमळच्या बोटांना चिरा पडल्या होत्या.

ती म्हणाली, "दादा, यंदा झापांचाच घालू या. दोन दिवसांचं काम आहे."

मी म्हटलं, "शाबास! हे फार बरं केलंस." आणि ते सगळे झाप सागवानावर घातले, लाकूड भिजू नये म्हणून.

जानकी पाटी डोक्यावर घेता घेता म्हणाली, "दादा, लाकडाचा लगीन हाय का?"

ऑफिसात हा किस्सा सगळ्यात जास्त चालतो. चालू दे. लाकूड वाळायचं हे निमित्त होतं, ते मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही. कमळ गेली की घरी आल्यावर चहा विचारणारं कुणी राहणार नाही, हे मला ठाऊक होतं. ते मी स्वतःशीसुद्धा बोललो नाही, खांबांबद्दलच बोलत राहिलो. त्या चिरा पडलेल्या बोटांनी तिनं त्याही दिवशी मला चहा करून दिला आणि मी तो प्यालो. याची मला लाज वाटते.

*

दत्ताची माणगावला बदली झाली. जाण्याआधी तो आला, पण बसला नाही.

"बाळू, आई आता थांबायला तयार नाही. ह्या महिन्यात उरकू. झापांचा मांडव घाल, नाहीतर देवळात करू. मला काही फरक पडत नाही."

कमळ दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "अरे, खांब उभे राहिले! कौलं मंगळूरहून निघालीत. चारच महिने!"

दत्तानं खिशातून मापाची टेप काढली आणि माझ्या हातात दिली. "तुला लागेल," म्हणाला, आणि गेला.

चार महिन्यांनी कौलं आली. त्याच आठवड्यात माणगावहून लग्नपत्रिका आली.

*

शेवटचा किस्सा ऑफिसात कुणी सांगत नाही. तात्या त्या दिवशी हजर होते, पण त्यांनीही कधी सांगितला नाही.

मांडव उत्तम झाला. सागाचे सहा खांब, खाली दगडाच्या बैठका, वर कौलं. मोठं वादळ होऊन गेलं, शेजारच्या वाडीतल्या नारळी आडव्या झाल्या, आमचं एक कौल सरकलं नाही. जानकीनं मात्र लगीन कोनाचा हे विचारायचं सोडून दिलं होतं.

दोन वर्षांनी दत्ता बायकोला घेऊन सगळ्यांना भेटायला आला. आम्ही परसातच बसलो. दत्तानं सवयीनं एका खांबाला हात लावून तो हलवून पाहिला. खांब हलला नाही. कमळ आतून कोकमाचं सरबत घेऊन आली.

दत्ताची बायको मोठी बोलकी. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मान वर करून छत न्याहाळत ती म्हणाली, "अगंबाई, केवढा सुरेख मांडव! लग्न कुणाचं आहे?"

कमळनं पेला तिच्या हातात दिला.

"लग्न होऊन गेलं," ती म्हणाली. "मांडव टिकाऊ आहे ना, म्हणून राहिलाय."

दत्ताची बायको मनापासून हसली. एकटीच.