अचियेंगच्या वेण्या

दापोलीहून निघाले त्या सकाळी अम्मीने माझे केस इतके घट्ट बांधले की कानशिलं दुखायला लागली. दारात रिक्षा उभी होती. अब्बा बॅगांवर मार्करने नावं लिहीत होते, आणि ती मात्र घाई नसल्यासारखी तेल जिरवत होती. "तिकडे आपलं डोकं आपणच सांभाळायचं," ती म्हणाली. मला वाटलं, अकलेबद्दल बोलते आहे. मी नुसती मान हलवली.

त्याला अकरा वर्षं झाली. माझा नवरा इरफान इथे एका दुकानात क्लार्क आहे, आम्ही दोह्याबाहेर उम्म सलाल मोहम्मदला दोन खोल्यांत राहतो आणि मी दोह्यातल्या मुशैरिबच्या एका हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर आहे. गावाकडून फोन येतो तेव्हा तुम्ही विचारता, कतार कसं आहे? मी म्हणते, मस्त, एसी आहे, रस्ते गुळगुळीत आहेत. हे खरंच आहे. पण आज मला दुसरं सांगायचंय, आणि ते तुमच्याइतकंच इथे आलेल्या आपल्या बायकांनाही सांगायचंय.

माझ्या टीममध्ये अचियेंग नावाची एक केनियन बाई आहे. किसुमूची, तीस-बत्तिशीची. दर पाच-सहा आठवड्यांनी, शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी, कंपनीच्या अकोमोडेशनमध्ये तिच्या मैत्रिणी तिचे केस विणायच्या. मी एकदा गेले होते. एक बाई खाली बसलेली, दुसरी मागे खुर्चीवर, मध्ये कंगवा आणि तेलाची बाटली. पाच-सहा तास काम चालायचं. बायका खायच्या, हसायच्या, एकमेकींच्या पोरांच्या तक्रारी ऐकायच्या. मधेच एखादी रडायचीही, आणि कुणी हात थांबवायचं नाही. अचियेंग मला म्हणाली होती, आठवडाभर ती फक्त बॅज नंबर असते, इथे मात्र ती कुणाची तरी मुलगी असते.

खरं सांगायचं तर आपल्यातल्या बायका त्या वेण्यांवर हसायच्या. धुतात तरी कधी, असं विचारायच्या. मी हसले नव्हते, पण गप्प बसले होते.

मग नवा मॅनेजर आला. त्याने मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की अचियेंगचे केस गेस्टसमोर 'नीट' दिसत नाहीत, तिला सरळ करून अंबाडा घालायला सांगा, तुमचं तिच्याशी जमतं ना. मी विचारायला हवं होतं, असं कुठे लिहिलंय? मी 'येस सर' म्हणाले. अचियेंगला सांगतानाही आवाज गोड ठेवला. थोडे दिवस कर, मग तो विसरेल, असं म्हणाले.

तिने केस सरळ करायचं क्रीम विकत आणलं आणि एकटीनेच लावलं. ते जास्त वेळ राहिलं. दुसऱ्या आठवड्यात तिचे केस मुठीने गळायला लागले. कानामागे आणि टाळूवर भाजल्याचे डाग पडले. ती विग घालून यायला लागली, मग कँटीनला यायची बंद झाली. लिफ्टच्या आरशाकडे पाठ करून उभी राहायची. शुक्रवारी मैत्रिणी बोलवायच्या तर दार उघडायची नाही. विणायला उरलंच काय होतं? क्लिनिकच्या डॉक्टरने तिला पाणी भरपूर प्या आणि वेळेवर झोपा असं सांगितलं.

एका दुपारी लिनन रूममध्ये ती चादरींच्या गठ्ठ्यावर नुसतीच बसलेली दिसली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "केसच तर आहेत, येतील परत."

तिने माझ्या डोक्याकडे बघितलं. मला डोकं झाकायला हॉटेलनेच युनिफॉर्मबरोबर दोन काळे स्कार्फ दिलेत.

"नसरीन," ती म्हणाली, "तुझं डोकं जसं आहे तसं त्यांनी मान्य केलं, वर कापडही दिलं. मला सांगितलं, डोकंच बदलून ये. आणि ते सांगायला तुला पाठवलं."

मला राग आला. आधी तिच्यावर, मग संध्याकाळी बसमध्ये स्वतःवर, आणि तो अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी एचआरला मेल लिहिला आणि ग्रूमिंगचा, म्हणजे केस-पेहरावाचा, लेखी नियम मागितला. उत्तर नाही. आठवड्याने परत लिहिला. एचआरवाले समोर भेटले की म्हणायचे, बघतो, इन्शाल्ला. इरफान म्हणाला, तू कशाला पडतेस, व्हिसा त्यांच्या हातात आहे. त्याचं चुकत नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त वैताग यायचा. इथे आपण सगळे इतके बरोबर वागतो की कुणाचंही काहीही होऊ शकतं.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. वेण्यांविरुद्ध नियम नव्हताच. पुढे वेण्यांना परवानगी आहे, मागे बांधलेल्या हव्यात. ब्रीफिंगमध्ये मॅनेजरने ते असं वाचलं जणू बक्षीस जाहीर करतोय. काही जणांनी टाळ्याही वाजवल्या.

मी अचियेंगला म्हणाले, मिळाली एकदाची परवानगी. ती म्हणाली, "मी परवानगी मागितली नव्हती. माझ्याकडे केस होते."

मी तिची माफी मागितली. ती ठीक आहे म्हणाली नाही, आणि ते बरंच झालं. पण पुढच्या शुक्रवारी बस पकडून ती आमच्या घरी आली. मैत्रिणींना डाग दाखवायची लाज वाटते, म्हणाली, तुला निदान ते माहीत आहेत. केस जेमतेम दोन बोटं वाढले होते. भांग कसा पाडायचा, कुठे ओढायचं नाही, ते तिने मला शिकवलं. दोन तासांत माझ्याकडून चार वेण्या झाल्या, त्याही वाकड्या. फोनच्या कॅमेऱ्यात बघून ती म्हणाली, "फार वाईट आहेत." मी उसवायला लागले तर तिने माझा हात धरला. मग तिथेच, सतरंजीवर, ती बराच वेळ रडली. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच.

घरी कधी येणार, असं तुम्ही दर फोनला विचारता. सुट्टीत येईन. पण घर म्हटलं की पूर्वी मला गावच आठवायचं, आता तसं होत नाही. आता मला वाटतं, माणूस जसा आहे तसा आत आला आणि कुणी त्याला नीट होऊन यायला सांगितलं नाही, तर ते घर. आमच्या दोन खोल्या शुक्रवारपुरत्या तसं घर असतात. रविवारी सकाळी कामाचा आठवडा सुरू झाला की मी परत सुपरवायझर असते, आणि मॅनेजर तोच आहे.