जमनीबाईने पारखलेला हिरा

पुसदजवळच्या त्या बंजारा तांड्यात जमनीबाईसारखं आरशांचं भरतकाम कोणाच्याच हाताला नव्हतं. पण वर्षाच्या, म्हणजे लेकीच्या, लग्नात तिच्या नाकात खरा हिरा घालायचा असं तिने बोलून दाखवलं, तेव्हा नणंद बसंतीबाई चारचौघींत हसली.

"चांदी ओळखणारे लोक आपण. तुले काच देतीन, अन् तू खुशीत घरी येशीन."

बोल जिव्हारी लागला. आपण फसून परतलो तर तांडा मरेपर्यंत हसेल, हे जमनीबाई जाणून होती.

वर्षाला घेऊन ती पुसदला गेली. तिथल्या सराफाने, रामधनशेठने, कागदाची पुडी उलगडून दोन खडे दाखवले. वजन सारखंच, पण एक चांगला रुंद, दुसरा बारका. तिचा हात सरळ रुंद खड्यावर गेला. सारा जन्म घागऱ्यावर आरसे टाकण्यात गेलेला. आरसा जेवढा रुंद, तेवढा झळकतो, हे बोटांनाच पाठ.

"हा स्वस्त आहे," शेठ म्हणाले. "बारका महाग."

"मोठा स्वस्त अन् लहान महाग? मले येडी समजले का, शेठ?"

"बाई, कॅरेट म्हणजे वजन, रुंदी नाही. हा चपटा कापलाय, उजेड खालून निसटून जातो. बारक्याला खोली आहे, पैलू नीट आहेत. त्याचा उजेड वर परत येतो."

"विकणारा असंच म्हणीन. ते दिवे बंद करा पहिले."

"याडी, लोक पाहून राह्यले," वर्षा आईच्या कानाशी कुजबुजली.

"पाहू दे. हिरा का लपवायले घेऊन राह्यली मी?"

शेठला तिने चिमट्यासकट दारात आणलं, वर्षाच्या नाकाशी खडा धरायला लावला आणि स्वतः रस्ता ओलांडून चहाच्या टपरीशी उभी राहिली. मांडवात माणसं जवळ येऊन थोडीच बघतात! रुंद खडा तिथून पाण्याच्या थेंबासारखा गप्प दिसला. मग बारका आला. वर्षाने मान वळवली आणि भर उन्हात ठिणगी उडाली.

जमनीबाई परतली, तरी सौदा लगेच केला नाही. भिंग मागितलं.

"याच्यात तर तीळ हाय."

"आहे. कडेला आहे, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच थोडा कमी भावात देतोय."

वर्षाने प्रमाणपत्र वाचलं. तो तीळ त्यातही नोंदलेला होता.

"मालातली खोट सांगून विकते, तो माणूस बरा," जमनीबाई म्हणाली. "बांधा हाच."

लग्नात बसंतीबाई मांडवाच्या पार टोकाला बसली होती. वर्षाने मान वळवली, खडा चमकला, तशी ती डोळे बारीक करत उठली, जवळ आली आणि पोरीची हनुवटी धरून कितीतरी वेळ पाहत राहिली.

"लहानसाच हाय," ती म्हणाली.

"हो. तरी तुमाले तेथून उठवलं त्यानं."

बसंतीबाईने इकडेतिकडे पाहिलं आणि जमनीबाईच्या कानाशी लागली. "माह्या सुनेसाठी घ्याचा हाय. येशीन का पुसदले माह्यासंगं?"

जमनीबाईने पदर सावरला.

"येईन की. पण जरा मोठ्यानं विचारा, बाई. त्या चारचौघींले ऐकू गेलं नाही."

आणि बसंतीबाईने मोठ्याने विचारलं.