नऊ महिने थांबा!

धंतोलीतल्या लहान मुलांच्या दवाखान्यात लस टोचायच्या टेबलाशी उभं राहिलं की किस्से शोधावे लागत नाहीत. तेच टोकन घेऊन येतात!

मी तिथली नर्स, माझं भाषण ठरलेलं. बाळ पोटात असताना आईच्या अँटिबॉडी त्याच्या रक्तात उतरतात, म्हणजे तिला होऊन गेलेल्या आजाराशी लढायची ताकद. ती असेपर्यंत गोवराची लस दिली, तर तीच लसीला आडवी येते. म्हणून नऊ महिने थांबा! हे सांगताना मी आतून जळते. माझी जुई दत्तक आहे. तिच्या रक्तात एक अनोळखी बाई आहे, मी नाही.

* * *

कोराडीचा एक फिटर भाषण ऐकून म्हणाला, "अन् बापाचं काय येते?"

"काहीच नाही."

"असं कसं? नाव तर माह्यं लागून राहिलं!"

बायको म्हणाली, "अवो, आडनाव पाहून गोवर वापस जाते काय?"

* * *

एक आजी तर भांडायलाच उठल्या. "ताकद माह्या पोराची हाये!"

डॉक्टर म्हणाले, "आजी, ती सुनेचीच."

आजी दारापर्यंत गेल्या, अन् परत आल्या. "सुनेची असंल! पण तिले गोवर आमच्याच घरी झाला होता!"

* * *

हसू नका, मीही तसलीच. जुई तीन महिन्यांची असताना मी डॉक्टरांना विचारलं, "हिच्या अंगातलं त्या बाईचं कधी संपेल?"

"लागतील काही महिने. काहून, भीती वाटते?"

"नाही. वाट पाहून राहिले!"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "सिस्टर, ती तुमच्याच पोरीची राखण करते, अन् तुम्ही वॉचमनलाच हाकलता?"

मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

* * *

जुई पाच महिन्यांची झाली, तेव्हा शेजारचा बंटी तिचे पापे घेऊन गेला, अन् दुसऱ्या दिवशी त्याला गोवर निघाला. मी धावतच डॉक्टरांकडे.

"इतक्या लवकर लस नाही," ते म्हणाले. "आईकडून आलेलं किती शिल्लक आहे, त्यावर आहे. रोज बघत राहा."

मी रोज सकाळी जुईच्या कानामागे पुरळ शोधायची. ताप मोजायची. तीन आठवडे गेले. अंगावर एक ठिपका नाही!

त्या दिवशी मी दवाखान्यात संत्रा बर्फी वाटली.

"अरे वा, सिस्टर!" डॉक्टर म्हणाले. "तुमच्याकडून?"

"नाही," मी म्हटलं. "जुईच्या आईकडून."