आवळीभोजन, पण आवळीशिवाय

आज सकाळी काकू गेल्या. आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

रागावू नका.
ज्यांनी त्यांचे शेवटचे महिने पाहिले त्यांना कळेल. श्वास घ्यायलासुद्धा मेहनत पडत होती.
सुटल्या.

माझ्या बायकोच्या, सुमनच्या, या काकू. तिची आई लहानपणीच गेली, यांनीच वाढवली. पण अख्खं माधवगंज त्यांना काकूच म्हणायचं.

आमच्या लग्नाआधीची गोष्ट.
मी कॉलेज अर्ध्यात सोडून बसलो होतो. प्रोफेसरशी भांडण, जाऊ द्या.
डोक्यात फक्त सुमन. तिच्या मनात काय, पत्ता नाही.
आणि खबर आली, तुळशीचं लग्न झालं की तिला इंदूरला दाखवायला नेणार.

म्हणजे एकच मौका. कार्तिकातलं आवळीभोजन.

दरवर्षी आम्ही मराठी घरं मिळून आवळ्याच्या झाडाखाली जेवायला जातो. मी म्हटलं, यंदा शिवपुरीला जाऊ! डोंगर, तलाव, छोट्या लाइनची गाडी. मुक्काम काकूंच्या भावाकडे.
तलावाच्या काठी सुमनला गाठायचं आणि विचारून टाकायचं. बस, एवढाच प्लॅन.

तिथलं जंगल महाराजांच्या शिकारीचं. पासाशिवाय आत जाता येत नाही.
पास काढायला कचेरीत गेलो तर तिथला बाबू म्हणतो, "पढाई छोड़के पिकनिक?"
माझं डोकं फिरलं. भांडलो.
पास मिळाला, पण फक्त तलावाच्या पक्क्या घाटापुरता. जंगलात मनाई.

संध्याकाळी काकूंकडे सगळे जमले. सुमनच्या वडिलांनी, अण्णांनी, पास वाचला.
"घाटावर आवळा कुठंय रे? झाडं तर सगळी जंगलात!"
"आवळीभोजन, तेही आवळीशिवाय! वा रे मॅनेजर!" कुणीतरी मागून.
"वर तिथे वाघ पाणी प्यायला येतो म्हणे," अण्णा म्हणाले. "रहने दो. इथंच बागेत जेवू."

माझे कान तापले. मी उठलो. आणखी एक भांडण होणार होतं, आणि तेही सुमनच्या बापाशी.

"बस खाली," काकू म्हणाल्या.
मी बसलो.
"झाड नाही तर फांदी नेऊ. कुंडीत रोवू, पूजा करू, जेवू. माझ्या माहेरी झाड वाळलं तेव्हा असंच केलं होतं. देवाने काही तक्रार केली नाही."
"आणि वाघ, वहिनी?"
"त्यालाही वाढू. भाऊजी, तुम्ही त्याच्या शेजारी बसा."

हसता हसता शिवपुरी पक्की झाली.

मी जोडे घालत होतो, तर काकू मागून आल्या.
"विनू, शिवपुरीच का रे?"
"हवा चांगली आहे, काकू."
"हवा! सुमीने काल मला सगळं सांगितलं."
"काय सांगितलं?"
"तू काय रोज देवळाच्या पायरीवर देवासाठी उभा असतोस? तिला दिसत नाही? तीही वाट बदलून तिकडूनच येते. अरे गाढवा, मागणी घालायला इतक्या लांब कोण जातं? उद्या वडिलांना घेऊन ये. भाऊजींना मी बघते."

मी तिथेच बसलो. एक जोडा पायात, एक हातात. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

इंदूर राहिलं. शिवपुरी झाली. फांदी गाडीत मीच धरून बसलो होतो.

आज घरात चूल पेटली नाही. शेजारून पिठलं-भात आलाय.
सुमी ताटाला हात लावत नव्हती. मी समोर बसून तिला चार घास खायला लावलेत.

खूप सोसलंत, काकू. आता निवांत जा.